टीप क्रमांक सात

मार्च संपला. सोलापुरात पारा त्रेचाळीसवर
आणि अशोक चौकामागं, पूर्वी जिथं सुताचे गठ्ठे रचायचे
त्या खोलीत आमची कंपनी.
दोन टेबलं, एक कूलर, बाकी सगळं ढगात.
ढगाचं बिल डॉलरमध्ये येतं.
दर महिनाअखेरचा धरावा,
असं मी टीप क्रमांक तीनमध्ये लिहून टाकलंय.

नाव रंगपेटी.
मालक श्रीनिवास गेंट्याल, वय एकतीस.
बापाचे अठरा माग विकून
त्यानं गिरणी कामगारांच्या नाटकांच्या कॅसेटी जमवल्या,
माळ्यावरून, पत्र्याच्या पेट्यांतून,
एक तर मिरचीच्या पोत्यातून निघाली,
साफ करणारा दिवसभर शिंकत होता.
मराठीत बोलणारी, तेलुगूत रुसणारी,
कानडीत शिव्या घालणारी नाटकं.
वर्गणी वर्षाला चारशे नव्याण्णव.

पैसे आले म्हणजे उत्पन्न झालं नव्हे, शिनू,
मी त्याला दर तिमाहीला सांगतो.
चादरीचं गिऱ्हाईक घडी काखेत मारून जातं, व्यवहार मिटला.
आपण वर्षभर रोज बोटभर विणून द्यायची.
दहा डिसेंबरला कुणी पैसे भरले
तर एकतीस मार्चला आपले एकशे त्रेपन्न रुपये बारा पैसे,
उरलेले तीनशे पंचेचाळीस अठ्ठ्याऐंशी
अजून त्याचेच. आपण नुसते राखणदार.
शिनू म्हणतो, काका, बँकेत तर सगळे दिसतायत की.
दिसतात बे. दिसणारच.

टीप सात: नाटकांचं मूल्य
तीन वर्षांत, सरळ रेषेनं, शून्यावर आणावं.
(सरळ रेषेत जुनं होणारं
मी अजून काही पाहिलेलं नाही.
पण धोरण म्हणजे धोरण.)

पुण्याहून ऑडिटर आल्या, देवस्थळीबाई.
कडक भाकरी मोडताना त्यांचा हात दचकला,
आकडे वाचताना नाही.
नाटक क्रमांक एकशे चार, त्या म्हणाल्या,
सहा हजार आठशे खर्चून साफ केलंय,
वर्षात पाहिलं गेलं दोनशे बारा वेळा,
आणि या रकान्यात बघा:
अद्वितीय प्रेक्षक, एक.

कुठल्या तरी यंत्रानं केलेलं भाषांतर ते.
पण मी तो शब्द दोनदा वाचला.

नरसम्मा दुडम, विडी घरकुल.
नातवानं फोनवर लावून दिलंय.
ती नाटक पाहत नाही,
एक्केचाळिसाव्या मिनिटाला बोट ठेवते.
तिथं हवालदार येतो, ढगळ खाकीत, मल्लय्या दुडम,
वाइंडिंग खातं, दुसरी पाळी.
चार वाक्यं. तिसऱ्याला तो अडकतो.
नऊ सेकंद नुसता उभा,
मिशीखाली घाम,
प्रेक्षकांत कुणाचं तरी पोर रडतं.
मग विंगेतून एक बारीक आवाज:
"चोर नव्हता साहेब, उपाशी होता."
आणि तो ते असं म्हणतो
जणू आत्ताच त्याला कळलं.
मग ती बोट मागं सरकवते.

परतावा नाही, देवस्थळीबाई म्हणाल्या, निर्लेखित करा.
सर्व्हरवरून काढलं तर साठवणुकीचाही खर्च वाचेल.
शिनूनं माझ्याकडं पाहिलं.
मी कूलरमध्ये पाणी ओतायला उठलो.

रात्री ताळेबंद पक्का केला.
चालू संस्था: होय, सध्या तरी.
संभाव्य देणी: ढगाचं बिल.
संबंधित पक्षांशी व्यवहार: इथं मी थांबलो.
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा,
गिरणीत हजेरी मांडायचो,
आणि नाटकाची वही माझ्याच हातात होती.
तो बारीक आवाज माझा.
कायद्यात अशा नात्याला कलम नाही.
लिहिलं, निरंक.

मग टीप सातखाली एक ओळ वाढवली:
नाटक क्रमांक एकशे चार
नाममात्र एक रुपया मूल्यानं पुस्तकात ठेवलं आहे.
कारणाचा रकाना
नऊ सेकंद कोरा ठेवून
मी सही केली.