क्रमांक बासष्ट

सकाळची पहिली लघवी, मधली धार,
रुंद तोंडाची बाटली, झाकण घट्ट.
हे मी दिवसातून अकरा वेळा सांगते
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला पंखा फिरतो पण वारा दुसऱ्याच कुणाला लागतो.

बासष्ट फुरसुंगीहून येते, आत्याबरोबर.
बाटली वर्तमानपत्रात, ती पुडी स्टीलच्या डब्यात,
डबा पिशवीत, पिशवी मांडीवर.
पुलगेटला कंडक्टर म्हणाला, काय आणलंय गं खायला?
ताक, म्हणाली.
आत्या हे सांगताना अजून हसते,
मग ‘हिची आई असती तर’ म्हणते,
आणि वाक्य तिथेच टाकून सही करते,
गेल्या वर्षी शिकलेली, प्रत्येक अक्षराला थांबत.

संमतिपत्राचं मराठी माझं आहे.
मूत्रपिंड लिहिलं तर कुणी काही विचारत नाही,
किडनी लिहिलं की सगळ्यांना कळतं, सगळे घाबरतात.
मी किडनी लिहिलं.
आजाराचं नाव मात्र मुलांच्या कागदावर नाही. तिथे आहे:
‘तू रोज गोळ्या घेतेस. त्या गोळ्या आणि तो आजार
तुझ्या पोटातल्या दोन गाळण्यांना त्रास देतात का,
हे आम्हाला बघायचंय.’
चहाची गाळणी?
हो, तशीच.
मग भोक मोठं झालं तर पावडर कपात येणार.
तीन वर्षांत याहून नेमकं आमच्याकडे कुणी बोललं नाही.

पट्टी बुडवायची. साठ सेकंद.
पिवळी राहिली तर बरं.
तिची शेवाळी झाली.
पुढच्या खेपेला पुन्हा शेवाळी.
फेस येतो का गं?
गोटी सोड्यासारखा. मला वाटलं सगळ्यांनाच येतो.

आलेखावर बासष्ट एकटीच वर.
बाकीचे ठिपके खाली, दाटीवाटीने,
बसची वाट बघत असल्यासारखे.
आकडेवारीचा निहार म्हणाला,
हा एक काढला तर रेघ छान येईल.
जमदग्नी मॅडम चष्मा पुसत राहिल्या.
ती बुधवारी येते, म्हणाल्या. तूच सांग तिला.
ठिपका राहिला.
गोळी बदलली. अहवालात हे एका ओळीत येईल.
आत्याचे बुडालेले रोज त्या ओळीत मावणार नाहीत,
ते कुठल्याच रकान्यात नाहीत, मी शोधलं.

यंदा तिला बारा पूर्ण. आता तिचीही सही लागते.
बोट ठेवून वाचत गेली.
‘तो आजार’पाशी बोट थांबलं.
आत्या खिडकीबाहेर बघायला लागली,
बाहेर फक्त पाण्याची टाकी.
इथे नाव का नाही लिहिलं? मला माहितीये.
कधीपासून?
आत्या डब्यावरचं लेबल सोलते.
पण गोंद राहतो ना, आणि गोंदावर अक्षरं.

मग सही केली. नाव, आडनाव, खाली दोन टिंबं.

आज बाटलीवरही नाव लिहून आणलंय,
जांभळ्या स्केचपेनने.
नावं कपाटात असतात, किल्ली माझ्याकडे;
बाटलीवर फक्त आकडा, असा नियम.
मी नावावर ६२ चिकटवला.
ती बघत होती. काही बोलली नाही.
मग म्हणाली, पट्टी मी धरू?

हातमोजे तिला मोठे होतात.
दोघी घड्याळाकडे बघत बसलोय.
अडतीस.
एकोणचाळीस.
आत्याही आता वळलीये इकडे.