ओव्हनमधली पत्रं

मिग्दालिया गेल्यापासून ओव्हन पेटलाच नव्हता.
बँकेची पत्रं एलादिओ किन्योनेस त्यातच सारत गेला,
मधल्या जाळीवर, पाकिटंही न फोडता,
जणू कधीतरी आपोआप भाजून निघतील.

लोरेन गावात, एरी सरोवराच्या काठी,
चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्ही बसतो.
फुकट सल्ला, कडू कॉफी.
तो आला तो ट्रे घेऊनच.
एकोणीस पाकिटं. सगळ्यात वर कोर्टाचा शिक्का.

मी तारीख पाहिली, बोटांवर मोजली.
अठ्ठावीस दिवसांची मुदत. तेवीस गेलेले.
"मग घर गेलंच की," तो म्हणाला.
नाही हो. हे समन्स आहे.
समन्स म्हणजे कोर्टाने विचारलेला प्रश्न.
गप्प राहिलात
तर बँक म्हणेल तेच खरं.

मग सांगत गेले, दर मंगळवारी सांगते तेच:
उत्तर दाखल करता येतं. मध्यस्थी मागता येते,
म्हणजे बँकेलाही माणूस पाठवावा लागतो,
फोनवर संगीत वाजवून भागत नाही.
हप्ता नव्याने बांधून घेता येतो.
दिवाळखोरीचा अर्ज...
तो शब्द ऐकून त्याने टोपी काढली,
समोरून प्रेतयात्रा जावी तशी,
म्हणून तो कागद मी पालथा ठेवला.
लिलाव झाला, तरी कोर्ट तो कायम करेपर्यंत
सगळे पैसे भरून घर सोडवता येतं.
"सगळे," तो म्हणाला,
आणि हसला. पहिल्यांदाच.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
ज्याने ही म्हण केली
त्याच्या दारावर कुणी नोटीस चिकटवली नसावी.

"छपराचे वासे मी बदललेत," तो मध्येच म्हणाला,
"चौऱ्याऐंशीत. पोलादाचं काम बंद होतं,
हात नुसते लोंबत होते."
घर फिरलं की वासेही फिरतात, खरं आहे.
पण हे वासे त्याच्या हातचे.

उत्तराच्या कागदावर मोकळी जागा असते.
पेन धरून तो बसून राहिला.
कॉफीचं भांडं धुऊन झालं,
खुर्च्या एकात एक रचून झाल्या,
तेव्हा कुठे एक ओळ उतरली, मोठ्या अक्षरांत:
मिग्दालिया होती तोवर एकही हप्ता चुकला नाही.

कायद्यात हे उत्तर बसत नाही.
खाली मी कायद्यातलं लिहिलं:
रक्कम अमान्य. मूळ करारपत्र हजर करावं.
मध्यस्थी मिळावी.
वरची ओळ खोडली नाही.

शुक्रवारी, सव्विसाव्या दिवशी,
इलिरियाच्या कोर्टात कारकुनाने शिक्का मारला,
वाचलं नाही.

पुढचं मला माहीत नाही.
ट्रे अजून माझ्या टेबलाखाली आहे.
न्या म्हटलं, तर म्हणतो, राहू दे.
ओव्हन आता रिकामा झालाय,
पण पेटतो का ते बघायचा
धीर होत नाही.