आठवी पिढी

खांडेपारच्या नदीचं पाणी आमच्या कारखान्यात येतं
तेव्हा त्याला आधी सगळं विसरायला लावतात.
जांभ्याचा तांबूसपणा, कुजक्या पानांचा वास,
बंधाऱ्यावर कुणी धुतलेली म्हैस,
सगळं पडद्यांतून दाबून काढलं जातं.
मग मी चमच्याने मोजून
त्यात दुसऱ्याच एका गावाचे क्षार घालते.
चार्टवर त्या गावाचं नाव आहे.
मला ते उच्चारता येत नाही,
पण त्याच्या विहिरीत चुना किती, ते पाठ आहे.

बार्ली त्यांची. हॉप्सच्या गोळ्या त्यांच्या,
चांदीच्या पाकिटात श्वास कोंडून आलेल्या.
यीस्ट तर विमानाने, बर्फात, दाबोळीला.
कस्टमवाल्याने विचारलं, जिवंत आहे का?
मी म्हटलं, हो.
त्याने बराच वेळ सही केली नाही.

वर्षातून एकदा ओल्ड्रिख येतो.
उंच, घामेजलेला, खिशात बिनमिठाची बिस्किटं.
मी तीन पेले मांडते. दोन सारखे, एक वेगळा.
तो वास घेतो, डोळे मिटतो,
आणि दर वेळी बोट आमच्याच पेल्यावर.
वाईट आहे असं म्हणत नाही.
चांगली आहे, म्हणतो,
पण घरी नाहीये.

मला विचाराल तर
(कुणी विचारत नाही, मी फक्त नोंदवही भरते)
त्याच्या घरची बाटलीसुद्धा
दोन महिने जहाजात हिंदकळून
तीन आठवडे मुरगावच्या धक्क्यावर तापलेली असते.
आम्ही जिच्याशी जुळवत बसतो
ती चवच वाटेत म्हातारी झालेली.
हे मी एकदा बोलून दाखवलं.
मॅनेजर केरकर खोकले.

फोंड्यात हे काही नवं नाही.
इथले कितीतरी देव नदीपलीकडचे,
रातोरात होडीतून आणलेले, ओल्या सोवळ्यात.
पहिल्या दिवशीचा नैवेद्य कसा लागला
हे त्यांना कुणी
तीन वाट्या मांडून विचारलं नसेल.

करारात एक कलम आहे.
यीस्ट आठ पिढ्या वापरायचं, नववी नाही.
आठवीपर्यंत ते वळण सोडतं म्हणे,
या उकाड्याचं होऊ लागतं.
मग झडप उघडायची. गरम पाणी, सोडा, गटार.
दर वेळी मीच उघडते.
दाट, सायीसारखं, किंचित केळ्याचा वास.
साळदाटी केळ्याचा. शपथेवर सांगेन.

या खेपेला ओल्ड्रिखचं विमान उडालं
आणि मी दोन लिटर स्टीलच्या कॅनमध्ये भरलं.
फिरकी घट्ट लावली नाही, नाहीतर फुटतं.
स्कूटरच्या पायाशी ठेवून
थेट इनास पोदेराच्या भट्टीवर.
त्याचा आजा माडाच्या सुरेने पीठ आंबवायचा.
इनास पुडी फोडतो, आणि गिऱ्हाइकांनी विचारलं
तर सूर म्हणून सांगतो.
त्याने बोट बुडवलं, चाटलं,
कॅन उचलून आत नेला.

पहाटे चारला पोया निघाल्या.
फुगल्या होत्या जरा जास्तच, उद्धटपणे,
अंगभर कोंडा.
चावल्यावर मागाहून एक कडसरपणा येत होता,
त्या न उच्चारता येणाऱ्या गावाचा असेल,
किंवा आम्ही नदीतून काढून टाकलेल्यातलं काही
कुठूनतरी परत आलं असेल.
मला नाही ओळखता आलं.

इनास खूप वेळ चावत राहिला.
"हें तें न्हय," म्हणाला.
मी स्कूटरची चावी शोधू लागले.
"हें तें न्हय," त्याने दुसरी पोय मोडली,
"पूण फाल्यां आनीक हाड."