बसलेली घडी

विनिपेग. बाहेर उणे एकतीस, आत वाफ.
इस्पितळाचं धुलाईघर. सतरा वर्षं
मी, लॉर्ना फेडियुक, इथली सुपरवायझर.

मधल्या भिंतीला एकच दार, रबरी झडपेचं.
अलीकडे मळकी बाजू: रक्त, पू, मूत,
चादरीत चुकून राहिलेली सुई, एकदा तर कवळी.
पलीकडे स्वच्छ बाजू:
इस्त्रीचे रोलर, घडीचं टेबल, रेडिओ.
पगार दोन्हीकडे सारखाच.
हे आधीच सांगून टाकते,
कारण प्रशिक्षणातही मी हेच आधी सांगितलं होतं.

गुरुवारी, तळघरातल्या खोलीत,
आम्ही चौदा सुपरवायझर, गारढोण सँडविचं,
आणि कायदा शिकवायला आलेल्या वकीलबाई, जॅनिस ओकिमाव.
पडद्यावर यादी: वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व.
स्वयंपाकघराचा ग्लेन मागून पुटपुटला,
"आता गुड मॉर्निंग म्हणायलाही फॉर्म भरा."
हसले सगळे. मीही हसले.
बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
म्हणाल्या, "तुमच्या मनात काय होतं, ते नंतर बघू.
आधी बघू, झालं काय, आणि कुणाचं.
वर्षभराचे ड्यूटीतक्ते काढा. काही करू नका,
नुसते वाचा."

वाचले. शुक्रवारी रात्री, चष्मा दोनदा पुसून.
त्सेगाय, मळकी. त्सेगाय, मळकी.
अब्दी, मळकी.
शर्ली स्पेन्स, मळकी, मळकी,
मारिविक रजेवर गेली तो एक आठवडा स्वच्छ,
पुन्हा मळकी.
अक्षर माझंच. वळणदार.
कुठेही मी "काळा" लिहिलं नव्हतं,
कुठेही "मूळनिवासी" लिहिलं नव्हतं.
लिहायची गरजच पडली नव्हती.
घडी एकदा बसली की कापड
आपणहून त्याच रेषेवर मुडपतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्सेगायनं विचारलं होतं,
घडीच्या टेबलावर जागा झाली तर.
"तुझ्यासारखा कणखर माणूस
तिकडे वाया जाईल रे," मी म्हटलं होतं.
कौतुकानं म्हटलं होतं. शपथेवर सांगते, कौतुकानं.
तो "थँक यू" म्हणाला आणि हातमोजे चढवायला लागला.
ते थँक यू आता माझ्या घशात
माशाच्या काट्यासारखं,
ना आत जात, ना बाहेर येत.

सोमवारी नवा तक्ता लावला. आळीपाळीनं, सगळ्यांना,
आडनावाच्या पहिल्या अक्षरानं,
म्हणजे माझी अक्कल चालायला जागा उरू नये.

मारिविक डुमालागन तक्त्यासमोर बराच वेळ उभी.
नऊ वर्षं टेबलावर;
तिनं घातलेल्या घडीच्या कडेनं कागद कापावा.
केबिनच्या दारात आली, डोळे डबडबलेले:
"लॉर्ना, माझं काय चुकलं?"

काय सांगायचं? पगार सारखाच आहे, म्हणून?
तिच्या मागे शर्ली बूट बदलत होती.
तिनं मान वर केली नाही.
सहा वर्षांत हा प्रश्न तिनं मला एकदाही विचारला नव्हता.
विचारणार तरी कुठल्या चुकीबद्दल?

दुपारी झडप ढकलून पलीकडे गेले.
त्सेगायची पहिली चादर तिरकी. दुसरी त्याहून तिरकी.
माझा हात सवयीनं पुढे झाला, नीट करायला.
अर्ध्यावर थांबवून खिशात घातला.
खिशात कागद होता, वकीलबाईंनी दिलेला:
तक्रार कुठे करायची, किती दिवसांत,
माझ्याविरुद्धसुद्धा.
प्रत्येकाला द्या, म्हणाल्या होत्या.

रेडिओवर हवामान सांगत होते. उद्याही उणे एकतीस.
इतकी वर्षं हा आवाज त्याच्याकडे
भिंतीतून पोचत असणार, शब्दांवाचून.
"जरा मोठा करू?" त्यानं विचारलं.
कर, म्हटलं.
कागद अजून खिशातच आहे.
घडी घातलेला.