शंभरातली दहा घरं

सिलाच्या पुढे, सीमेच्या अलीकडे
पहाटे धुकं सबख्यावर बसतं.
खारट, जाडसर.
ट्रकचं बॉनेट दिसतं, त्यापुढचं सगळं अंदाजपंचे.

आम्ही इथे चार ट्रक घेऊन आलोय
आणि एक चालणारा माणूस.
डंबरबहादुर. त्याच्या पिवळ्या जाकिटात
काडेपेटीएवढं यंत्र शिवलंय.
त्यानं गाड्यांना सांगत राहायचं:
मी आहे. इथे आहे. अजून इथेच.

ट्रकला विजेची ददात नाही.
काडेपेटीला आहे.
मला वाटायचं, वीज बोलण्यात जाते.
पहिल्याच आठवड्यात मीटरनं खोटं पाडलं.
बोलणं निमिषभराचं. संपवतं ते ऐकणं,
कुणी बोलत नसतानाही कान उघडे ठेवून बसणं.
दुपारी तीनला काडेपेटी मेली.
डंबरची पाळी सहापर्यंत होती.

म्हणून ही वाटणी.
सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची शंभर घरं.
त्यातली दहा ऐकायची, नव्वद झोपायचं.
मागच्या फेरीला जो ज्या घरात बोलला
तो पुढच्याही फेरीला तिथेच बोलेल, असं धरायचं,
आणि दहांतल्या रिकाम्या घरावर आपलं नाव टाकायचं.

दिलमुराद चार नंबर चालवतो. तुर्बतचा.
त्याला समजवायला घेतलं तर म्हणाला,
कॅम्पातल्या शेगडीसारखं.
अठरा खोल्या, चार बर्नर.
मी काय सगळ्यांची कालवणं बघत उभा राहतो?
काल आठ वीसला मागचा बर्नर मोकळा होता,
आज आठ वीसला भांडं घेऊन जातो.
नसला मोकळा, तर खजूर.

(इचलकरंजीला माझा बाप
बारा मागांच्या खडखडाटात सुताच्या पोत्यावर झोपायचा.
धागा तुटून एक माग थांबला
की डोळे उघडायचे त्याचे.
आई म्हणायची, कारखान्यात एक कान तरी जागा असतो,
घरी दोन्ही बंद.)

सातव्या फेरीत
दोन नंबर आणि चार नंबर, दोघांनी
एकच घर निवडलं.
बोलणाऱ्याला त्या क्षणी कान नसतात.
दोघं बोलत राहिले, एकमेकांवर, बिनचूक वेळेवर,
सेकंदाला दहा वेळा.
माझ्या पडद्यावरून दोन्ही ठिपके गेले.
ट्रक मात्र होते. धुक्यात. समोरासमोर.

काच वर ठेवायची, असं कागदावर होतं.
दिलमुरादनं खाली ठेवली होती.
मीठ चिरडल्याचा आवाज आला, म्हणाला,
माझ्या चाकांचा नव्हता.
दोघांच्या दिव्यांमध्ये पाच पावलं उरली होती.
मी मोजली. नंतर पुन्हा मोजली.

त्या रात्री मी एक ओळ वाढवली:
काही फेऱ्यांनंतर नाणं उडव,
काटा पडला तर घर बदल.
मग विदुलाला फोन लावला.
दोघं एकदम बोललो. एकदमच थांबलो.
बोल.
नाही, तू बोल.
नाणं कुणी उडवायचं, ते ठरेना,
आणि मिनिटाचे पैसे चालूच.

सकाळी पेटी नीट करून डंबरच्या जाकिटात घातली.
आता संध्याकाळपर्यंत पुरेल, म्हणालो.
नव्वद घरं ती झोपलेली असते, हेही सांगितलं,
लपवायचं कशाला.
त्यानं चेन अर्ध्यावर थांबवली
आणि आपल्या नेपाळी वळणाच्या हिंदीत विचारलं,
साहेब, ती झोपते
तेव्हा मी कुठे असतो?

रस्त्यावर, मी म्हणालो.

त्यानं चेन गळ्यापर्यंत ओढली.
धुकं अजून उठायचं होतं.