अकरा आटे

दौंडला गाडी बदलली तेव्हाच कळलं, आलो.
खिडकीच्या गजाला हात लावला
आणि हात स्वतःहून मागं आला.
कुर्डुवाडीला चहा, मोहोळला नुसती धूळ.
बाळं मागं पडलं तशी हिनं पिशव्या मोजल्या:
सहा. निघताना पाच होत्या.

रिक्षावाला म्हणाला, "स्वेटर घेऊन कुठून ओ काका?"
हिच्या हातावर तो तसाच होता,
चव्वेचाळीस डिग्रीत झोपलेल्या मांजरासारखा.
"सिक्कीम."
"मंजे कर्नाटकाच्या पलीकडं का?"
"पलीकडंच."

कुलपाची किल्ली पदराला बांधून बालमणी उभी.
"आज पाणी नाई बगा. उद्या बी नाई.
परवा रात्री येतंय."
मग स्वतःच हसली, "तुमाला काय सांगायलेय मी!"

खरंच. एकतीस वर्षं
पाणी कधी येणार हे मी सांगायचो.
महापालिकेचा चावीवाला.
खांद्यावर लोखंडी चावी, खाली झोपलेलं शहर.
जोडभावी पेठ साडेनऊ आटे, आमची गल्ली अकरा,
आणि शाळेमागचा वॉल अर्ध्यात अडतो,
त्याला आधी थोडं मागं घ्यायचं, मग पुढं,
रुसलेल्या पोराला जेवायला बसवावं तसं.
लोक लग्नाची पत्रिका द्यायचे
आणि हळूच म्हणायचे,
त्या दिवशी दोन आटे जास्त द्या.

फेब्रुवारीत चावी जमा केली.
मे महिन्यात लेकीनं तिकिटं काढली.

तिकडं पाणी रस्त्यावरून चालतं,
कुणाला न विचारता.
डोंगरातून येतं, डांबर ओलांडतं,
खाली कुणाच्या तरी मक्यात उतरतं.
ओंगमूबाईंच्या अंगणात एक काळा पाइप
दिवसरात्र दगडावर सांडत होता.
पहिल्या रात्री मी तीनदा उठलो.
बॅटरी घेऊन शोधलं. वॉल नाही.
साधी तोटीसुद्धा नाही.
सकाळी मोडक्या हिंदीत विचारलं,
ये बंद कौन करता है?
बाईंना प्रश्न कळला नाही.
परत विचारला.
त्यांनी लेकीकडं पाहिलं:
यांना बरं नाही का?

सातव्या रात्री गाढ झोप लागली.
हे सांगायला मला आवडत नाही.
ज्या आवाजानं एकतीस वर्षं उठवलं
त्यानंच झोपवलं,
आणि पंधरा दिवसांत
कुठल्या पेठेला कुठला वार, ते पुसट झालं.

घरात फरशी तापलेली,
पिंपात बोटभर पाणी, त्यात एक चिलट.
हिनं कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी काढली, दही बालमणीचं.
तिकडं सगळं मऊ, वाफाळलेलं,
दातांना काही कामच नव्हतं.
पहिल्या घासाला तोंड भाजलं.
दुसऱ्याला जबड्याला ओळख पटली.
सहावी पिशवी उघडली तर मोठी वेलची,
धुराच्या वासाची,
आणि तळाशी बाईंनी घातलेला एक ओला दगड.
वाळला होता.

परवा रात्री अडीचला
पाइपात आधी हवा आली, खोकली.
गल्लीभर खाटा करकरल्या, घागरी आपटल्या.
कोपऱ्यावर लोखंडाला लोखंड लागलं.
नवा पोरगा, इरण्णा.
मी अंथरुणातूनच मोजत होतो.
सात. आठ. नऊ.
थांबला.
अरे, अजून दोन!
शेवटच्या चार घरांना चढ आहे...
चप्पल सापडेपर्यंत
दहा.
अकरा.
शिकलाय.

घागर भरली, बालदी भरली, पिंप भरलं,
कुकर, पातेली, पोळ्यांचा डबासुद्धा.
मग भरायचं काही उरलं नाही.
नळाकडं हात गेला आणि तिथंच थांबला.
मोरीत तो दगड ठेवला होता हिनं,
पाय घासायला.
त्यावर पाणी पडत होतं.

"भरलं का ओ?" आतून ही.
"भरतंय," म्हणालो,
आणि डोळे मिटून बसलो,
चार मिनिटं असतील, फार तर पाच.
बालमणीला सांगू नका.