तीनशे बेचाळीस पेट्या

निवतीच्या शाळेत आठवीच्या खिडकीतून
दीपगृह दिसतं,
त्यामुळे मुलांची मान कायम फळ्याच्या डावीकडे.

मी खडूनं समुद्र काढला.
उजवीकडे इंग्लंड, डावीकडे अमेरिका,
मध्ये एक गलबत.
"सर, शीड उलट्या वाऱ्याक लावलास तुम्ही,"
वेदांग खवणेकर म्हणाला.
मी पुसून पुन्हा काढलं.
मी घाटावरचा. वाऱ्याच्या बाबतीत
इथे कुणाशी वाद घालत नाही.

तेरा वसाहती, पाठ करा.
कुणी प्रार्थनेसाठी आले, कुणी तंबाखूसाठी,
कुणी कर्ज चुकवायला, कुणी कर्ज चुकवून.
नाझिया मिरकरनं बोट वर केलं:
"ते उतरले तेव्हा किनाऱ्यावर कोण उभं होतं?"

पुस्तकात ते एका ओळीत येतात
आणि त्याच ओळीत संपतात.
मी पान उलटून पाहिलं, खरंच संपतात.
ज्या गावानं पोर्तुगीज, डच, इंग्रज,
सगळी गलबतं वाळूवरूनच पाहिली,
त्या गावाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

मग चहा.
बोस्टनचं बंदर, डिसेंबरची रात्र,
तीनशे बेचाळीस पेट्या पाण्यात.
चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा.
"म्हणजे आपलीच कंपनी?"
वर्ग हसला, मीही.
आपली म्हणजे, आपल्या डोक्यावरची.
ज्यांनी पेट्या फोडल्या त्यांनी
तिथल्या मूळ माणसांचा वेश घेतला होता,
हेही सांगितलं.
नाझियानं वहीत काहीतरी लिहिलं
आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.
"चाय टाकल्यानी तर मासे मरूक नाय?"
हा वेदांग.
बघून सांगतो, म्हटलं.

मोठ्या अक्षरात लिहिलं:
प्रतिनिधी नाही, तर कर नाही.

राजुला खोबरेकरनं कंपासपेटी उघडली.
आत कंपास नव्हताच. गुलाबी पावत्या होत्या,
पाठकोऱ्या बाजूला तिची गणितं.
"माझी आये टोपलेमागे धा रुपये देता.
बाजारात नळ नाय, वर छप्पर नाय.
कमिटीत पाच बाप्ये.
दोघांनी तर मासो कधी कापूक नाय.
आयेक कोण इचारता?"

मी म्हणालो, अर्ज करता येतो. ग्रामसभा असते.
नागरिकशास्त्र, पान बारा.
"त्या लोकांनी अर्ज केल्यानी नाय?"
केले. बरेच केले.
शेवटचा तर राजानं हातातही घेतला नाही.

जाहीरनाम्यापाशी आलो.
सर्व माणसे समान.
इथे धडा संपतो, घंटा मात्र झाली नव्हती.
म्हणून उरलेलंही सांगितलं:
सह्या करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी
विकत घेतलेली माणसं होती,
आणि त्या 'माणसे'मध्ये बायका धरलेल्या नव्हत्या.
वर्ग गप्प.
बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं,
त्याचा तेवढा आवाज.

सव्वीस जानेवारीला झेंडा, लाडू, मग ग्रामसभा.
शेवंती खोबरेकर उभी राहिली.
बाजारातून थेट आलेली, मनगटावर खवले.
समुद्रात काही फेकायला तिला परवडत नाही.
तिनं प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली:
दोनशे सतरा पावत्या, वर्षाच्या.
"मोजून घ्या," म्हणाली,
"आणि काय बोललंय ता लिवन घ्या."
ग्रामसेवकाचं पेन चालेना.
मागच्या बाकावरून राजुलानं
आपलं पुढे केलं.

नळ अजून आलेला नाही.
इतिवृत्तात एक ओळ आहे,
शेवंतीबाईंच्या नावाची. स्पेलिंगसारखं
शुद्धलेखन चुकलंय, पण आहे.

वेदांग दर सोमवारी विचारतो.
मासे मेले की नाही,
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.